न खाल्लेल्या शिदोरीची उसळी

"सहा वाजून अकरा मिनिटांनी तुम्ही काय खाल्लंत?" मी विचारलं.

आमचे हे आरशासमोर पगडी उतरवत होते. नुकतेच कीर्तन आटोपून घरी आलो होतो.

"सहा अकराला? सहा अकराला मी देवापुढे उभा राहून नमन म्हणत होतो. तू पेटीवर सूर देत होतीस. नमन म्हणताना माणूस काय खाईल?"

"आणि सात वाजून पाच मिनिटांनी?"

"तेव्हा आख्यान रंगात आलं होतं."

"तोंडात काय होतं?"

"शब्द!"

एकतीस वर्षं मी यांच्या कीर्तनाला पेटीची साथ करते आहे. दिगंबरबुवा कवठेकर हे नाव मिरजेपासून कुरुंदवाडपर्यंत कुठल्याही देवळात विचारा. हा माणूस देवापुढे खोटं बोलणार नाही याची मला खात्री होती. पेढ्यापुढे मात्र माझी खात्री डळमळायची. म्हणून हे हातपाय धुवायला गेल्यावर मी अंगरख्याचे खिसे तपासले. बुक्क्याची पुडी, हातरुमाल, कुणाची तरी लग्नपत्रिका आणि एक रबर. पेढा नाही. पेढ्याचा कागदसुद्धा नाही. कागदसुद्धा नाही म्हटल्यावर तर मला जास्तच संशय आला.

ही गोष्ट दोन हजार चाळीस सालातली. तोवर दंडावर चकती लावणं म्हणजे नाकावर चष्मा लावण्याइतकं साधं झालं होतं. आधीच्या चकत्या रक्तातली साखर मोजायच्या. ही नवी चकती इन्सुलिन मोजायची, तेही दर मिनिटाला. फरक काय, तो आमच्या भाचीनं, डॉक्टर ऋतुजानं, यांना कळेल अशा भाषेत सांगितला होता.

"मामा, साखर म्हणजे पंगतीतले पदार्थ आणि इन्सुलिन म्हणजे वाढपी. रक्तात आलेली साखर उचलायची आणि पेशींच्या पानात वाढायची, हे त्याचं काम. तुमच्या पेशींनी काय केलंय, पानावर हात आडवे धरलेत. 'पुरे, पुरे, नको.' मग स्वादुपिंड आणखी वाढपी पाठवतं. चार वाढप्यांचं काम करायला चोवीस. साखरेचा आकडा दिसतो ठीकठाक, पण आत वाढपी एकमेकांच्या पायांत येतायत."

"आणि एक दिवस सगळे वाढपी दमून बसतील," हे म्हणाले.

"तोच मधुमेह."

उपाय म्हणजे पंगतच लहान करायची. भात बंद, पोळी बंद, बटाटा, साबुदाणा, साखर, गूळ सगळं बंद. अंडी आमच्याकडे चालत नाहीत, त्यामुळे पनीर, दही, शेंगदाणे, पालेभाज्या आणि तूप. चाळीस दिवस. चहात साखरेऐवजी स्टीव्हियाच्या पानांची पूड.

पंगत कमी झाली की वाढपी कमी होतात की नाही हे चकती बघणार, आणि चकतीवर नजर ठेवणार रुग्णालयातली संगणकप्रणाली. तिचं खरं नाव लांबलचक होतं. सगळं गाव तिला पंतोजी म्हणायचं, कारण ती सारखी गुण द्यायची आणि कापायची. पंतोजींचा नियम असा: जेवणाच्या वेळा सोडून इन्सुलिननं एकदम उसळी घेतली, तर रुग्णानं चोरून काहीतरी खाल्लं असं धरायचं. चाळीस दिवसांत अशा तीस उसळ्या भरल्या, की पथ्य नापास आणि इंजेक्शन सुरू.

ते इंजेक्शन आम्ही दोन वर्षांपूर्वी बघितलं होतं. लोकांना ते छान मानवतं. यांना मात्र दिवसभर मळमळ आणि तोंडाला अशी कोरड, की जीभ टाळूला चिकटायची. त्या साली अख्ख्या चातुर्मासात यांना एक कीर्तन करता आलं नाही. हे गच्चीवर बसून कावळ्यांना आख्यान सांगायचे. ते दिवस मला पुन्हा बघायचे नव्हते.

आणि आता पथ्याला नऊ दिवस होत होते नि उसळ्या झाल्या होत्या सोळा! रोज दोन. एक कीर्तन सुरू होताना, एक आख्यानात. फक्त ज्या दिवशी कीर्तन नव्हतं, त्या दिवशी कोरं पान.

चकती यांच्या दंडावर, पण इशारा देणारं कडं माझ्या हातात. रुग्ण स्वतःची समजूत फार लवकर घालतो, म्हणून कडं जोडीदाराच्या मनगटावर घालायची पद्धत होती. उसळी आली की ते घुरघुरायचं, मांजराच्या पोटावर हात ठेवल्यासारखं. मी पेटीवर असायचे, डावा हात भात्यावर, आणि भात्याला घुर्रर्र. तबल्यावरच्या सलीमभाईंनासुद्धा ते ऐकू जायचं.

"वहिनी," ते ठेका न सोडता पुटपुटायचे, "बुवांनी परत पाप केलं वाटतं."

*

"स्टीव्हियाच असेल," दहाव्या दिवशी मी ऋतुजाला म्हटलं. "ती पूड बंद करते. गोड ते गोडच. जिभेला फसवलं तरी पोट फसत नाही."

"मामी, तेच तर कुणाला नक्की माहीत नाही. तीस-चाळीस वर्षं लोक भांडतायत. बिनसाखरेच्या गोडानं इन्सुलिन वाढतं की नाही? एक म्हणतो वाढतं, एक म्हणतो नाही. त्यात पूर्वी चाचणी व्हायची ती दर दहा मिनिटांनी रक्त काढून. इतक्यात छोटी उसळी येऊन जायची. शिवाय भात-पोळी खाणाऱ्याच्या रक्तात आधीच इतकी गडबड, की बारीक उसळी दिसणार कुठे? मामांचं आता निवळलंय. स्थिर पाण्यात खडा टाकला की तरंग दिसतो ना, तसं. आपण घरीच करून बघू."

रविवारी सकाळी तिनं आमच्या स्वयंपाकघरात सहा पेले मांडले. साधं पाणी, स्टीव्हिया, आणि बाजारात मिळणारी आणखी चार तऱ्हेची बिनसाखरेची गोडी. तुलनेला निरोगी माणूस हवा म्हणून माझ्या दंडावरही एक चकती चिकटवली, आणि तिचं कडं यांच्या मनगटावर; दोन्ही पथ्य संपेपर्यंत काढायची नाहीत. सलीमभाई तबल्याला नवी शाई भरून घ्यायला चालले होते, ते मुद्दाम वाट वाकडी करून बघायला आले.

दर अर्ध्या तासानं एक पेला, दोघांत. हे घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि बोलायचे.

"हा गोड आहे, पण आतिथ्य नाही. दारातून परत पाठवतो."

ऋतुजा पडद्याकडे बघत म्हणाली, "शून्य. रेघ सरळ."

"हा गोड बोलतो, पण मागनं कडू. आमच्या एका चुलत्यांसारखा."

"शून्य."

"हा अती गोड. याच्यावर विश्वास ठेवू नये."

"शून्य. मामा, पुढचा."

माझीही रेघ सरळ. सहाच्या सहा पेले संपले, कुणाच्याही इन्सुलिननं गोडाला दाद दिली नव्हती. सलीमभाई म्हणाले, "म्हणजे बुवा, तुमचं पोट साधंसुधं नाही. आमच्या बेगमसारखं आहे. नुसत्या गोड बोलण्याला भुलत नाही."

"सगळ्यांचं असंच असेल असं नाही हं," ऋतुजा म्हणाली. "काहींना थोडी उसळी येते. पण मामांना नाही."

मला मात्र आनंद होईना. स्टीव्हिया निर्दोष सुटली होती, म्हणजे उरला फक्त पेढा. हे माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "वृंदा, चिपळ्यांवर हात ठेवून सांगतो. मी खात नाही."

चिपळ्यांवर हात ठेवल्यावर पुढे काय बोलणार? मी शेंगदाणे भाजायला घेतले. दोन तोंडात टाकले, तर यांचं मनगट घुरघुरलं.

"तू आत्ता काय खाल्लंस?" हे इतक्या आनंदानं म्हणाले, की सलीमभाईंना चहा नाकातून आला.

*

दुसऱ्या दिवशी ऋतुजा स्वतः कीर्तनाला आली आणि पहिल्या रांगेत, माझ्या अगदी समोर बसली. तिची नजर पोलिसासारखी यांच्या हातांवर. हे उभे राहिले, उपरणं सावरलं, देवाला नमस्कार केला. मी सूर धरला. नमन सुरू झालं आणि माझं कडं घुरघुरलं.

ऋतुजा पोलिसासारखी बघत होती खरी, पण आता यांच्याकडे नाही. माझ्याकडे.

पूर्वरंग संपला. बुवांना बुक्का लावतात, हार घालतात, श्रोते नामाचा गजर करतात, तेवढ्या मधल्या वेळात ती वाकून माझ्या कानाशी आली.

"मामी, सुरुवातीला मामांच्या हातात काय दिलंत?"

"मी? काही नाही."

"मी बघितलं. पेटीच्या आडून. त्यांनी तोंडात टाकलं."

"अगं, ते ज्येष्ठमध! घशासाठी. लग्न झाल्यापासून देते."

ऋतुजानं डोळे मिटले. "ज्येष्ठमध गोड असतं ना, मामी?"

"असेल. पण ते औषध आहे."

"साखरेपेक्षा पन्नासपट गोड असतं."

मला खरंच सुचलं नव्हतं. कीर्तनकाराच्या घरात ज्येष्ठमधाची काडी ही खाण्याची वस्तू नसतेच. ती असते पगडी, झांज, बुक्का यांच्या रांगेत. स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा मी पालथा घातला होता, यांचे खिसे उलटे केले होते, आणि इतक्या दिवसांच्या उसळ्यांतल्या निम्म्या माझ्या हातानं, रोज सहा वाजून दहा मिनिटांनी, मीच यांच्या तळहातावर ठेवत होते.

"पण काल गोडानं तर काही झालं नव्हतं!" घरी आल्यावर मी भांडले. चूक उघडी पडली की मला भांडायला आवडतं.

"तेच गमतीचं आहे," ऋतुजा म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "स्टीव्हिया मामांच्या शरीराला नवी. तिच्या मागून काही येतं, असं त्याला कुणी शिकवलेलं नाही. ज्येष्ठमधाच्या मागून मात्र एकतीस वर्षं काय आलं?"

"कीर्तन," हे म्हणाले.

"आणि कीर्तनामागून?"

हे अतिशय हळू, अपराध्यासारखे म्हणाले, "शिरा."

"प्रसादाचा, केळं घातलेला, तूप सुटलेला. हो ना? शरीराला गोडाचं काही नाही, मामा. त्याला वाट बघायची सवय लागलीय. ज्येष्ठमध जिभेला लागलं की मेंदू आत निरोप धाडतो: पंगत बसणार, वाढप्यांनो उठा. उसळी साखरेची नाही, अपेक्षेची आहे."

ज्येष्ठमधाच्या जागी लवंग आली. यांनी वर मला माफी मागायला लावली नाही, हे त्यांचं मोठेपण. फक्त आठवडाभर पाणी दिलं तरी विचारायचे, "यात काही नाही ना?"

सहा अकराची उसळी गेली. सात पाचची राहिली.

*

ती कशाची हे मग ओळखणं अवघड नव्हतं. आमच्या यांची आख्यानं स्वतः रचलेली. कथा कुठलीही असो, तिच्यात जेवण येतं. आणि नुसतं येत नाही. त्या दिवशी गंगू नावाच्या गरीब भाविक बाईच्या नैवेद्याची कथा चालली होती.

"आणि मंडळी, गंगूनं दूध चुलीवर ठेवलं. मंद आच! घाई नाही. देव जेवायला यायचा म्हणजे घाई करून कसं चालेल? दूध आटतंय... कडेला साय धरतेय... गंगू ती साय उलथन्यानं हलकेच सोडवते आणि परत दुधात ढकलते. हळूहळू त्याला बदामी रंग चढतो. मग वेलदोडा! कुटलेला नाही, मंडळी, आत्ता, याच क्षणी सोललेला..."

घुर्रर्र.

मी यांच्याकडे बघितलं. डोळे मिटलेले, हात उलथन्याच्या चालीनं फिरतोय, चेहऱ्यावर असा भाव, की देव खरोखर उंबऱ्यात उभा आहे. हा माणूस शब्दानं स्वयंपाक करत होता आणि त्याचं स्वादुपिंड त्यावर भाबडा विश्वास ठेवत होतं.

"आख्यान बदला," मी म्हटलं. उसळ्या तेवीस झाल्या होत्या. "जेवण नसलेलं घ्या."

"तसं माझ्याकडे एकही नाही."

"मग रचा."

यांनी रचलं. गुहेत बारा वर्षं तप करणाऱ्या एका वैराग्याची कथा. वैरागी वाऱ्यावर जगतो, इतकीच अट मी घातली होती. पहिल्या दिवशी दहा मिनिटं सगळं ठीक चाललं. मग वैराग्याला तहान लागली. तहान चालेल, असं मला वाटलं. मग झऱ्याचं पाणी आलं, वाळ्याच्या मुळांवरून वाहत येणारं. मग झऱ्याकाठी करवंदं आली.

घुर्रर्र.

"करवंदं कशाला आणलीत?" मी घरी विचारलं.

"मी नाही आणली. ती पिकली होती तिथे."

आणखी तीन दिवस करवंदं, मग रानातला मध, आणि एकदा कुणीतरी वैराग्याला भेटायला येताना थालीपीठ घेऊन आलं. सत्तावीस. त्यानंतर मात्र मी आख्यान लिहून घेतलं, त्यातला प्रत्येक खाद्यपदार्थ लाल शाईनं खोडला आणि तो कागद पेटीवर ठेवून बसले. जरा कुठे घसरायला लागले की खोकायचे.

उसळ्या थांबल्या. कीर्तनही थांबल्यासारखंच झालं. सूर लागायचा, शब्द बरोबर यायचे, पण यांचे डोळे उघडे असायचे. आधी कधी कीर्तनात मी ते उघडे बघितले नव्हते. चौथ्या दिवशी देवळाचे व्यवस्थापक आपटेकाका मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, बुवांची तब्येत बरी आहे ना? काल माझी आई म्हणाली, आज बुवांनी बातम्या दिल्या."

*

चाळिसावा दिवस नेमका दत्तजयंतीच्या उत्सवाच्या काल्याचा आला. काल्याचं कीर्तन म्हणजे उत्सवाचा कळस. देव आणि गोपाळ रानात जमतात, आपापल्या शिदोऱ्या सोडतात आणि सगळं एकत्र कालवून खातात. त्यात शिदोरीशिवाय दुसरं काही नाहीच. लाल शाईनं खोडायला घेतलं तर कागद कोरा राहिला असता.

"मी आटोपशीर करतो," हे दुपारी म्हणाले. "शिदोऱ्या सोडल्या, खाल्ल्या, हंडी फोडली. पाच मिनिटांत. तीनच उसळ्या शिल्लक आहेत, वृंदा. मला परत कावळ्यांपुढे बसायचं नाही."

मी बरं म्हटलं.

देऊळ भरलं होतं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बायका. चाळिशी ओलांडलेल्या निम्म्या गावाच्या दंडावर तेव्हा चकत्या होत्या. नवऱ्याची चकती पुरुषांकडे आणि तिचं कडं बायकांकडे, किंवा उलट. उत्सवाचा उपास म्हणून महाप्रसादापर्यंत कुणी काही खाल्लेलं नव्हतं.

पूर्वरंग झाला. उत्तररंगाला हे उभे राहिले. गोपाळ रानात आले. यमुनेकाठी बसले. हे थांबले.

"मग त्यांनी शिदोऱ्या सोडल्या," हे म्हणाले. "त्यात खायचं होतं. ते त्यांनी खाल्लं."

देवळात कुणी खोकलंसुद्धा नाही. चारशे माणसं वाट बघत होती. यांनी एकदा देवाकडे बघितलं आणि नजर खाली घातली. एकतीस वर्षांत मी हा माणूस देवापुढे कधी ओशाळलेला बघितला नव्हता.

त्या क्षणी मला कळलं, की इंजेक्शननं जे गेलं असतं ते मी लाल शाईनंच घालवलं आहे. माझ्या मनगटावरचं कडं मी काढलं, पेटीवरच्या कागदावर ठेवलं आणि काल्याच्या पदाचा सूर धरला. जोरात. भाता फाटेल इतका.

हे वळले. माझ्याकडे बघितलं. आपल्या मनगटाकडे बघितलं. मग चिपळ्या वाजल्या आणि यांचे डोळे मिटले.

"अहो, पण शिदोरीत होतं काय? पेंद्याची फडकी सोडली तर आत नाचणीची भाकरी! कालची, शिळी, कडक. देव म्हणतो, आण इकडे. दुसऱ्याचं दही! मातीच्या बोळक्यात विरजलेलं, बोट घातलं तर बोटाचा ठसा राहील असं घट्ट! तिसऱ्याकडे लिंबाचं लोणचं, मुरून काळं झालेलं, खार सुटलेला, तो खार भाकरीत मुरलाय..."

घुर्रर्र. पेटीवरचं कडं कागदावर नाचायला लागलं.

"चौथ्याच्या पदरात लाह्या, वर लोण्याचा गोळा, आणि देव आपल्या हातानं सगळं एकत्र कालवतोय..."

बायकांच्या बाजूला एक कडं घुरघुरलं. मग तिच्या मागचं. मग पुरुषांकडून चार. आणि मग जी सुरुवात झाली ती मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखी. प्रत्येक बायको उठून पलीकडे नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. प्रत्येक नवरा दोन्ही हात उघडून दाखवत होता. आपटेकाका रिकामं तोंड 'आ' करून बायकोला लांबूनच दाखवत होते.

"वहिनी!" सलीमभाई ठेका दुप्पट करत ओरडले, "बेगमचा फोन येतोय! आमचंही वाजलं!"

देवाच्या दारात इतकी माणसं इतकी हसलेली मी पाहिली नव्हती. आणि त्या हसण्याच्या वर, सगळ्या घुरघुरीच्या वर, यांचा आवाज. तो आवाज मी किती दिवसांनी ऐकला.

नंतर कळलं, की त्या संध्याकाळी पंतोजींनी एकशे त्रेचाळीस लोकांना एकाच मिनिटाला निरोप पाठवला: 'आपण आत्ता काय खाल्लंत?' उत्तरं सगळी एकच: 'काही नाही.' पंतोजींनी एकशे त्रेचाळीस जणांना खोटारडे ठरवलं आणि देवळात अनधिकृत जेवणावळ चालू असल्याचं रुग्णालयाला कळवलं.

आमच्या खात्यावर त्या एका कीर्तनात पाच उसळ्या पडल्या. एकूण बत्तीस. नापास.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रुग्णालयात गेलो. इंजेक्शनचा कागद पंतोजींनी छापून ठेवलाच होता. ऋतुजा आणि तिचे वरिष्ठ आत बसले होते. आम्ही बाहेर बाकावर. हे गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते, जणू आवाज कुणी काढून नेईल.

तासानं ऋतुजा बाहेर आली. कागद तिच्या हातात होता, पण चार तुकड्यांत.

"पंतोजींचा नियमच चुकला," ती म्हणाली. "उपाशी बसलेल्या एकशे त्रेचाळीस माणसांना एकाच वाक्यावर उसळी आली. ते काही चोरून खाणं होत नाही. ज्यांना मधुमेह नाही, त्यांना तर जास्तच ठळक आली. म्हणजे वाढप्यांनी वेळेत उठणं हा आजार नाही, मामा, ते निरोगीपणाचं लक्षण आहे. आजार होता तो वाढपी दिवसभर उभे राहण्याचा. तुमचं उपाशीपोटीचं इन्सुलिन चोवीसवरून नऊवर आलंय. पथ्यानं काम केलं. उसळी तिथेच होती, आधी गर्दीत दिसत नव्हती इतकंच."

"मग इंजेक्शन?"

"नाही. पथ्य चालू ठेवायचं. आणि एक. आख्यानात वाढपी उठवलेत की कीर्तनानंतर दहा मिनिटांत त्यांना काहीतरी काम द्यायचं. शिरा नाही हं! दही, काकडी, शेंगदाणे."

यांनी मफलर सोडला, आणि तिथेच, रुग्णालयाच्या बाकावर, हळू आवाजात नामाचा एक गजर केला. शेजारचा पायाला पट्टी बांधलेला गृहस्थ बिचारा पुढचं नाम म्हणाला.

"अजून एक गंमत," ऋतुजानं हातातला पडदा माझ्यापुढे धरला. "कालच्या सभेतली सगळ्यात पहिली उसळी मामांची नाही. ती आली सात बाराला. मामांनी भाकरी काढली सात चौदाला. त्या वेळी तर कुणी काही बोलतच नव्हतं. आणि ती आली पेटीच्या जागेवरून."

"चकती बिघडली असेल," मी म्हटलं.

"बिघडलेली नाही," हे म्हणाले. "मला कळलं होतं तेव्हाच. सगळं देऊळ गप्प, तू सूर धरलास, आणि माझं मनगट घुरघुरलं. मी म्हटलं, पंतोजी गेले खड्ड्यात. पेटीवाली उपाशी आहे."